सास्तूरच्या भिंती : १९९३चा भूकंप आणि कोणाच्याच जबाबदारीत नसलेली घरे

तेरणा नदीच्या खोऱ्यातले सास्तूर हे गाव आज धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात मोडते. १९९३ साली ते उस्मानाबाद जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यात होते आणि तेथून काही किलोमीटरवरचे किल्लारी लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यात होते. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत ही दोन्ही गावे एकाच जिल्ह्याची होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे या भागात झालेल्या भूकंपाला लोक किल्लारीचा भूकंप म्हणतात आणि जगभरच्या नोंदींत तो लातूरचा म्हणून ओळखला जातो. सर्वाधिक बळी गेलेल्या गावांत किल्लारीच्या बरोबरीने सास्तूरची गणना होत असूनही त्या नावांत सास्तूर आणि उस्मानाबाद जिल्हा मागेच राहिले. या भूकंपाचा इतिहास बहुधा एका पहाटेपासून सुरू केला जातो आणि पुनर्वसनाच्या कौतुकापाशी किंवा तक्रारींपाशी संपवला जातो. परंतु देशातील सर्वांत निर्धोक मानल्या गेलेल्या टापूत मध्यम ताकदीच्या एका धक्क्याने जवळपास आठ हजार माणसे का मेली, हा प्रश्न विचारायचा असेल तर त्या पहाटेच्या कित्येक वर्षे मागे, गावकऱ्यांच्या भिंतींपाशी आणि सरकारी नकाशापाशी जावे लागते.

मराठवाड्याच्या या भागातील जुने घर म्हणजे माळवदाचे घर. काळा दगड जवळच मिळे आणि चुना महाग पडे, म्हणून भिंती दगड आणि मातीच्या. त्यांची जाडी दोन फुटांपासून वाड्यांमध्ये चार-पाच फुटांपर्यंत असे. उन्हाळ्यात आत गारवा राहावा आणि चोरदरोड्यांपासून संरक्षण व्हावे, या दोन्ही गरजा अशा भिंतीने भागत. घराच्या आत लाकडी खांब आणि त्यांवर तुळया, म्हणजे खणांची रचना. तुळयांवर फळ्यांचे किलचान आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, हेच माळवद. पावसाळ्यात ते गळू नये म्हणून दरवर्षी पावसाच्या तोंडावर त्यावर मातीची नवी भर पडे. त्यामुळे पिढ्यान् पिढ्या उभ्या असलेल्या घरावर छपराचा भार वाढतच जाई.

या भिंतीतला दोष बाहेरून दिसत नसे. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला घडीव किंवा निवडक दगड लावले जात आणि मधली पोकळी लहानमोठे गोटे व माती टाकून भरली जाई. दोन्ही अंगांना सांधणारे आरपार दगड, म्हणजे भिंतीच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत पोचणारे लांब दगड, क्वचितच घातले जात आणि कोपऱ्यांतही दोन भिंतींची एकमेकींत पक्की गुंफण नसे. अशी भिंत खाली दाबणारा भार शतकभर पेलते, पण आडव्या हिसक्यात तिची दोन तोंडे एकमेकांपासून सुटतात, मधला भराव ढासळतो आणि सगळा दगड आत झोपलेल्या माणसांवर येतो. कित्येक घरांत भिंती पूर्ण कोसळूनही लाकडी खण उभे राहिल्याचे नंतरच्या पाहण्यांत आढळले, त्यावरून मारेकरी कोण हे स्पष्टच झाले.

या बांधकामावर सरकारचे नियंत्रण अजिबात नव्हते, असे म्हणता येत नाही. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे ग्रामपंचायतीच्या परवानगीविना इमारत उभारता येत नव्हती आणि प्रत्येक घराची नोंद पंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीत होत होती. त्या नोंदवहीत घर कशाचे बांधलेले आहे हेही लिहिले जाई, कारण घरपट्टी त्यावर ठरे. म्हणजे भिंत दगडमातीची आहे ही माहिती शासनाच्या अगदी खालच्या पायरीवर उपलब्ध होती. तिचा उपयोग मात्र वसुलीपुरता होता. परवानगी देताना जागा कोणाची, रस्त्यावर अतिक्रमण होते काय, हे पाहिले जाई. भिंत किती सुरक्षित आहे हे तपासण्याचे ज्ञान ग्रामसेवकाला कोणी दिलेले नव्हते आणि तशी अपेक्षाही त्याच्याकडून कधी केली गेली नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याचा अभियंता शाळा आणि दवाखान्याच्या सरकारी इमारतींपुरता जबाबदार होता. गावातली शेकडो खासगी घरे या दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत उभी होती.

दुसरा दोष दिल्लीतल्या कागदावर होता. इमारतींची भूकंपरोधक रचना कशी करावी याचे भारतीय मानक १८९३ क्रमांकाने ओळखले जाते आणि ते पहिल्यांदा १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला जोडलेल्या नकाशात देशाची विभागणी भूकंपप्रवण क्षेत्रांत केलेली असते. १९९३ मध्ये अशी पाच क्षेत्रे होती. पहिले क्षेत्र सर्वांत कमी धोक्याचे, पाचवे सर्वांत जास्त. सास्तूर आणि किल्लारीचा सगळा प्रदेश पहिल्या क्षेत्रात होता. पहिल्या क्षेत्राचा अर्थ असा की, तेथे धक्क्याची तीव्रता, म्हणजे जमिनीवर प्रत्यक्ष जाणवणारा परिणाम, पाचव्या श्रेणीच्या वर जाणार नाही. त्या श्रेणीत भांडी वाजतात, झोपलेले जागे होतात, पण घरे पडत नाहीत. प्रत्यक्षात ३० सप्टेंबरला या गावांत आठव्या श्रेणीचा किंवा त्याहून अधिक परिणाम झाला, जो त्याच नकाशाच्या हिशेबाने चौथ्या क्षेत्रात अपेक्षित होता.

हा नकाशा मुख्यतः पूर्वी कोठे भूकंप झाले याच्या नोंदींवर बेतलेला होता. जेथे नोंद नाही तेथे धोका नाही, असे त्यातले गृहीत होते. दख्खनच्या पठाराला भूशास्त्राच्या पुस्तकांत स्थिर ढालप्रदेश म्हटले जाई आणि हजारो वर्षांतून एकदा हलणाऱ्या भेगेची नोंद शंभर-दोनशे वर्षांच्या कागदांत सापडणे अवघडच होते. तथापि द्वीपकल्प हलत नाही हा समज १९९३ पूर्वीच खोटा ठरला होता. १९०० मध्ये कोइमतूरला, ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला आणि १९६९ मध्ये भद्राचलमला मोठे धक्के बसले होते. कोयनेच्या भूकंपात दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडल्यावर १९७० मध्ये नकाशा सुधारला गेला आणि कोयनेचा परिसर वरच्या क्षेत्रात गेला. बाकीच्या पठाराचा फेरविचार मात्र त्याच जोमाने झाला नाही. नकाशा आपत्तीच्या पुढे चालण्याऐवजी तिच्या मागून चालत होता, आणि महाराष्ट्राने हे एकदा पाहिलेले असूनही दुसऱ्यांदा तेच घडले, ही या इतिहासातली सर्वांत सलणारी गोष्ट आहे. त्यातही नकाशा अचूक असता तरी सास्तूरचे घर वाचले असते असे नाही, कारण ते मानक अभियंत्याने आखलेल्या इमारतींसाठी होते. गावच्या गवंड्याने बांधलेल्या दगडमातीच्या घराला लागू पडतील अशी स्वतंत्र मार्गदर्शक मानके भारतीय मानक ब्युरोने १९९३ मध्ये, म्हणजे आपत्तीच्याच वर्षी प्रसिद्ध केली.

जमिनीने मात्र आधी सूचना दिली होती. १९९२ च्या पावसाळ्यापासून १९९३ च्या मार्चपर्यंत किल्लारीच्या आसपास शंभराहून अधिक लहान धक्के जाणवले आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये त्यांतले काही इतके जोराचे होते की घरांना तडे गेले, लोक घाबरून उघड्यावर झोपू लागले आणि काही कुटुंबे गाव सोडून नातेवाइकांकडे गेली. जमिनीच्या पोटातून गडगडाटासारखे आवाज येतात, असे गावकरी सांगत होते. शासनाच्या दृष्टीने हा प्रामुख्याने लोकांची भीती घालवण्याचा प्रश्न ठरला, आणि जो प्रदेश पहिल्या क्षेत्रात आहे तेथे मोठा भूकंप संभवत नाही, या समजाला नकाशाचा आधार होता. लहान धक्क्यांवरून मोठ्या भूकंपाचे भाकीत करता येत नाही, हे भूकंपशास्त्र आजही सांगते, त्यामुळे अचूक इशारा का दिला नाही असा दोष कोणत्याही शास्त्रज्ञाला देणे अन्यायाचे होईल. परंतु भाकीत आणि खबरदारी या दोन वेगळ्या बाबी आहेत. धक्के सहा-सात महिने चालू असताना तेथे भूकंपमापक यंत्रांचे दाट जाळे उभारणे, माळवदावरची माती उतरवून छप्पर हलके करायला सांगणे, फुगलेल्या आणि तडकलेल्या भिंतींची पाहणी करून त्यांच्याखाली झोपू नका असे बजावणे, यांपैकी कशालाही भाकिताची गरज नव्हती. अशी खबरदारी घेणे हे कोणत्या खात्याचे काम, याचेच उत्तर व्यवस्थेत नव्हते. नैसर्गिक आपत्तीचा विषय तेव्हा केंद्रात कृषी मंत्रालयाकडे आणि राज्यात महसूल खात्याकडे होता. दोन्हीकडची कार्यपद्धती दुष्काळाच्या अनुभवातून घडलेली होती आणि ती आपत्ती आल्यानंतर मदत वाटण्यापासून सुरू होत असे. १९९३ च्या मार्चनंतर धक्के ओसरले आणि लोक पुन्हा घरांत झोपू लागले.

२९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन आटोपून गावे उशिरा झोपली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. भूकंपाची महत्ता, म्हणजे त्याच्या ताकदीचे माप, ६.२ ते ६.४ एवढी नोंदली गेली. जगात दरवर्षी एवढे अनेक भूकंप होतात, परंतु या भूकंपाचा केंद्रबिंदू अतिशय उथळ होता आणि वर वस्ती दाट होती. सास्तूर, किल्लारी, मंगरूळ, होळी, राजेगाव, पेठसांगवी, तळणी, गुबाळ, चिंचोली रेबे ही गावे काही क्षणांत दगडमातीचे ढीग झाली. जुन्या गावठाणाच्या बोळांतून बैलगाडीच जेमतेम जाई. भिंती दोन्ही बाजूंनी पडल्यावर बोळ उरलेच नाहीत, आणि ढिगारा उपसणारी यंत्रे आत नेणे अशक्य झाले. वाचलेल्यांनी पहिले तास हातांनी आणि टिकाव-फावड्यांनी माती उपसली. मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी भूकंपग्रस्त भागात पोचले. राज्य राखीव पोलीस दल, लष्कर आणि राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेले स्वयंसेवक कामाला लागले. पाठोपाठ पाऊस आला. सरणासाठी पुरेशी लाकडे नसल्याने पडलेल्या घरांचेच वासे आणि तुळया वापरून एकेका चितेवर अनेकांचे अंत्यसंस्कार करावे लागले.

सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसे मेली, सुमारे १६ हजार जखमी झाली आणि १५ हजारांवर जनावरे दगावली. मृतांत स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे मोठ्या संख्येने होती. त्या रात्री उघड्यावर किंवा शेतात झोपलेला माणूस वाचला, घराच्या आत भिंतीच्या आश्रयाला झोपलेला गेला. गावकुसाबाहेर कुडाच्या आणि गवताच्या झोपड्यांत राहणाऱ्या गरिबांची घरे हलकी असल्याने तेथे जीवितहानी तुलनेने कमी झाली, तर जाड भिंतींच्या वाड्यांतली कुटुंबेच्या कुटुंबे नाहीशी झाली. मजबुतीची आणि प्रतिष्ठेची खूण म्हणून जी जाडी मिरवली जात होती तीच घातक ठरली.

मदतीच्या टप्प्यात शासनाने दाखवलेली तडफ नाकारण्यासारखी नाही. पुढे जागतिक बँकेच्या सुमारे २४.६ कोटी डॉलरच्या कर्जसाहाय्याने महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम १९९४ मध्ये सुरू झाला आणि तो १९९८ पर्यंत चालला. त्यात गावांचे तीन गट करण्यात आले. ‘अ’ गटातली ५२ गावे, ज्यांत सास्तूर होते, जुने गावठाण सोडून नव्या जागी वसवायची होती. ‘ब’ गटातल्या गावांत घरे नव्याने बांधायची, पण तेथेच. आणि ‘क’ गटातल्या, तेरा जिल्ह्यांत पसरलेल्या शेकडो गावांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करायचे. पंचनामा, म्हणजे नुकसानीची जागेवर केलेली लेखी नोंद, हे या सगळ्या योजनेचे प्रवेशद्वार होते. तलाठ्याने लिहिलेल्या एका शेऱ्यावरून कुटुंबाला घर मिळणार की दुरुस्तीचा हप्ता, हे ठरत असल्याने पंचनाम्यांवर वाद झाले, फेरपाहण्या झाल्या आणि प्रत्येक फेरीत लाभार्थ्यांची संख्या वाढली. ज्या सरकारी यंत्रणेने १९९२ च्या धक्क्यांत एकाही भिंतीची पाहणी हे आपले काम मानले नव्हते, तीच आता लाखो भिंतींतल्या तड्यांची रुंदी मोजत होती.

‘अ’ गटातल्या घरांचा आकार ठरवण्याची पद्धत विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, त्याहून अधिक पण सात हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना ४०० चौरस फूट, आणि त्यावर ज्यांची जमीन त्यांना ७५० चौरस फुटांचे घर देण्यात आले. मेलेल्या माणसांची किंवा जिवंत राहिलेल्या कुटुंबाच्या गरजेची मोजणी या सूत्रात कोठेच नव्हती. सातबाऱ्यावरची विषमता विटा-सिमेंटमध्ये जशीच्या तशी उतरली. शेतकऱ्याला औजारांची, धान्याची आणि जनावरांची जागा लागते म्हणून मोठे घर, असा युक्तिवाद केला गेला आणि त्यात तथ्यही होते, परंतु मजुराच्या घरात पाच माणसे असू शकतात याचा विचार त्या युक्तिवादात मागे पडला. नवी गावे शहरी वसाहतीसारखी सरळ रेषांत, रुंद रस्त्यांची आखली गेली. बोळांत अडकून माणसे मेल्याचा तो धडा होता आणि तो योग्य होता. मात्र जुन्या गावाच्या कित्येक पट पसरलेल्या या वसाहतींना पाणी, गटार आणि दिवाबत्ती पुरवणे त्याच ग्रामपंचायतींवर आले, ज्यांचे उत्पन्न पूर्वीइतकेच होते. घरे पूर्ण होईपर्यंत लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, उन्हाळ्यात तापणाऱ्या आणि पावसात गळणाऱ्या.

‘क’ गटाचा अनुभव अधिक शिकवणारा होता, कारण तेथे घरमालक स्वतःच बांधकामाचा कर्ता होता. रुरकी विद्यापीठाचे प्रा. आनंद आर्य यांच्यासारख्या तज्ज्ञांनी जुन्या भिंतीत आरपार सांधे बसवण्याच्या, छताखाली सलग पट्टा फिरवण्याच्या आणि माळवदावरची माती कमी करण्याच्या स्वस्त पद्धती सुचवल्या. त्या कमी खर्चाच्या होत्या, परिणामकारकही होत्या. तरीही बहुतेक कुटुंबांनी अनुदानातून जुन्या घराशेजारी विटा-सिमेंटची एक खोली बांधणे पसंत केले, कारण दगडाच्या भिंतीवरचा त्यांचा विश्वास त्या पहाटे संपला होता आणि तो परत मिळवून देण्याइतके समजावणे सुरुवातीला झाले नव्हते. ‘स्पार्क’ आणि त्यातून पुढे आलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थांनी गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ नेमल्यावर चित्र काहीसे बदलले. या बायकांनी योजनेचे नियम, हप्त्यांचे टप्पे आणि बांधकामाच्या खाचाखोचा शिकून घेतल्या, गवंड्याच्या कामावर लक्ष ठेवले आणि कागदपत्रे अडली तेथे तालुक्याला जाऊन विचारणा केली. माहितीच्या अधिकाराचा कायदा अजून राज्यात नव्हता, देशातही नव्हता. हप्ता का थांबला हे अधिकाऱ्याला विचारण्याचा रिवाजच नव्हता. त्या काळात सास्तूरच्या पंचक्रोशीतल्या आणि लातूरकडच्या स्त्रियांनी केलेली ही विचारपूस मराठवाड्यातल्या सार्वजनिक जीवनाच्या इतिहासात मानाने नोंदवली जायला हवी.

धरणाचा प्रश्न याच काळात पुढे आला. सास्तूरजवळ माकणी येथे तेरणेवर निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण होते आणि कोयनेचा अनुभव ठाऊक असल्याने पाण्याच्या साठ्यामुळेच भूकंप झाला, असे अनेक गावकऱ्यांनी मानले. शास्त्रज्ञांत यावर मतभेद राहिले, जलाशय तुलनेने लहान असल्याने त्याला कारण मानण्यास पुष्कळांनी नकार दिला. लोकांच्या संशयाचे मूळ मात्र शास्त्रात शोधण्याचे कारण नाही. धक्के बसत असताना कित्येक महिने ज्यांना कोणी काही समजावून सांगितले नाही, त्यांनी डोळ्यांसमोर दिसणाऱ्या मोठ्या सरकारी बांधकामाकडे बोट दाखवले.

पुढच्या दशकात व्यवस्थेने काही गोष्टी बदलल्या. द्वीपकल्पातील भूकंपवेधशाळांचे आधुनिकीकरण झाले, किल्लारीला खोल विवर खणून दख्खनच्या बसाल्ट खडकाची जाडी सुमारे ३३८ मीटर असल्याचे कळले, महाराष्ट्राने जिल्हावार आपत्ती व्यवस्थापन आराखडे तयार केले आणि कोणत्या जिल्ह्यात कशा भिंतींची किती घरे आहेत व त्यांना कशाचा धोका आहे हे सांगणारा देशाचा पहिला धोकादर्शक नकाशासंग्रह १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे घरपट्टीच्या नोंदवहीत पडून असलेली माहिती प्रथमच जिवाच्या हिशेबाने मांडली गेली. भूकंप क्षेत्रांचा नकाशा बदलायला मात्र २००२ उजाडावे लागले. त्या वर्षी पहिले क्षेत्रच रद्द करून ते दुसऱ्यात मिळवण्यात आले आणि सास्तूर-किल्लारीचा टापू तिसऱ्या क्षेत्रात गेला; तोपर्यंत जबलपूर आणि भूज येथेही विनाशक भूकंप होऊन गेले होते. आपत्ती व्यवस्थापनाचा केंद्रीय कायदा २००५ मध्ये झाला आणि आपत्तीपूर्व तयारी हे सरकारचे वैधानिक कर्तव्य ठरले.

पुनर्वसनाचा खर्च, घरांची संख्या, हप्त्यांच्या तारखा यांचे जाडजूड अहवाल उपलब्ध आहेत आणि त्यांवरून त्या कामाचे यशापयश मोजता येते. ऑक्टोबर १९९२ ते सप्टेंबर १९९३ या अकरा महिन्यांत कोणत्या कार्यालयाने काय करायला हवे होते, याची अशी बारकाईची मोजणी त्या अहवालांचा विषय नव्हती, कारण त्या अकरा महिन्यांपुरते ते काम कोणाचेच नव्हते. नव्या सास्तूरमध्ये वाढत्या कुटुंबांनी मूळच्या २५० आणि ४०० चौरस फुटांना आपल्या ऐपतीप्रमाणे खोल्या जोडल्या आहेत, बहुतेक गावच्याच गवंड्याकडून. लोहारा, उमरगा, औसा आणि निलंगा तालुक्यांत माळवदाची जुनी घरेही अजून वापरात आहेत, आणि मृग लागण्याआधी त्यांच्या छपरांवर मातीची नवी भर पडते.